व्याह्यांसमोर नळी

तीस वर्षं मास्तरांनी पोरांना विमान चालवायला शिकवलं. पहिल्याच तासाला ते दम भरायचे, "चौदा हजार फुटांवर गेलात की ऑक्सिजनची नळी नाकाला लावायचीच. हवा विरळ झाली की माणसाला आधी आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं."

त्या सकाळी शेजारच्या सीटवर व्याही होते. वाटेत पंधरा हजार फुटांपर्यंत लष्कराची बंदी असलेला पट्टा होता. त्याच्या वरून जायचं म्हणून मास्तरांनी विमान सोळा हजारांवर नेलं. नळ्या हाताशीच होत्या. पण लेकीच्या सासऱ्यांसमोर आजाऱ्यासारखं नाकात नळी घालून बसायचं त्यांच्या जिवावर आलं. थोड्या वेळानं व्याही घोरायला लागले, तरीही मास्तरांनी ती लावली नाही.

आठवड्यानं चौकशीच्या खोलीत रेडिओवरचं बोलणं ऐकवलं गेलं. मास्तरांना आठवत होतं की आपण चोख उत्तरं दिली होती. लष्कराची कंट्रोलर तीनदा सांगत होती, "तुम्ही खाली घसरताय, आमच्या हद्दीत शिरलाय, डावीकडे वळा." आणि मास्तर खिदळत म्हणत होते, "बाई, आम्हाला शिकवू नका."

चौकशी अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी होता. त्यानं वर न बघता हळूच विचारलं, "मास्तर, नळी बिघडली होती असं लिहू का?"

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"नळी धड होती," ते म्हणाले. "व्याही शेजारी बसले होते."

विद्यार्थ्यानं कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.