गुडघ्यावरचा यमन

पाहुणे येतात आणि जातात, त्यांचे फारसे किस्से होत नाहीत. पण घरात एखादं बिनकामाचं यंत्र मुक्कामाला आलं की बघा! सांगायला एक किस्सा काढावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा हजर. परवा आमच्या जुन्या नोएडाकर मैत्रिणी जमल्या होत्या. एकीनं सहज विचारलं, "अविनाशचं ते मशीन अजून आहे का गं?" संपलं! जेवायच्या वेळेपर्यंत कुणी उठलं नाही.

तर ते मशीन. नव्वदचं दशक होतं. सगळा देश नवंनवं काहीतरी घरी आणत होता. समोरच्या खुरानांकडे केबल आली, वरच्यांकडे वॉशिंग मशीन आलं. आमच्याकडे माझा नवरा अविनाश लिलावातून रेकॉर्ड कापायचं मशीन घेऊन आला. वाजवायचं नाही हं, कापायचं! खाली कोरी तबकडी फिरते, समोर माणूस माइकवर गातो आणि वरची सुई तबकडीवर त्या गाण्याची बारीक खाच कोरत जाते.

"अरे, आता सीडी आलीय बाजारात," मी म्हटलं.

"म्हणूनच तर हे मिळालं!" अविनाश म्हणाला.

दर रविवारी सकाळी मंडळ जमायचं. अविनाश टेलिफोन कंपनीत इंजिनीअर, तो मशीन चालवणार. तळमजल्यावरचे बापट काका केंद्र सरकारातून रिटायर झालेले, ते गाणार. आणि कॅन्टोन्मेंटमधून स्कूटरवर येणारे आमचे सातारचे सुभेदार शिंदे. ते काय करणार हे कधी ठरलं नाही, पण सगळ्यात जास्त तेच करायचे. मी ऑडियन्स, म्हणजे चहा.

प्रश्न दोनच होते. कापायचं कशावर आणि कापायचं कशानं? त्यासाठीच्या खऱ्या कोऱ्या तबकड्या आपल्याकडे मिळतच नव्हत्या. मग मिळेल ते!

*

अविनाशनं कुठेतरी वाचलं की एक्स-रेच्या फिल्मवर रेकॉर्ड कापता येते. त्याच आठवड्यात दिल्लीत कोपर्निकस मार्गावर मराठी मंडळींची गणपतीची आरती होती. हा तिथे प्रसाद घेता घेता सगळ्यांना विचारतोय, "तुमच्याकडे जुना एक्स-रे आहे का हो? छातीचा असला तर बेस्ट. मोठा असतो."

लोकांना वाटलं, डॉक्टर आहे. बघता बघता रांग लागली! एक गृहस्थ खांदा पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, हात वरच जात नाही."

"फिल्म आहे?"

"आहे."

"मग काही काळजी नाही!" अविनाश खुशीत म्हणाला.

ते गृहस्थ बायकोला सांगत होते, "बघ, किती धीर दिला! आपला तो डॉक्टर नुसता घाबरवतो."

*

सगळ्यात उत्तम फिल्म निघाली शिंद्यांच्या गुडघ्याची. परेडमध्ये पडले होते, तेव्हाची. छातीच्या फिल्मवर खरखर यायची, गुडघा मात्र स्वच्छ! अविनाशनं ती गोल कापली, मधे भोक पाडलं आणि काकांनी तिच्यावर यमन गायला. झकास उमटला.

पुढे माझा मामेभाऊ आला, हाडांचा डॉक्टर. आम्ही कौतुकानं रेकॉर्ड लावली. त्यानं ती ऐकली, मग उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"हे कोण गातायत?"

"आमचे बापट काका. खालीच राहतात."

"त्यांना म्हणावं, जिने चढायचे नाहीत."

हे काकांच्या कानावर गेलं. झालं! गुडघ्यात काही म्हणजे काही नव्हतं, पण त्या दिवसापासून काका लंगडायला लागले. आणि ज्यांचा खरा गुडघा होता ते सुभेदार, आमचा गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन, "सरका काका, सरका," म्हणत जिना चढून गेले!

*

फिल्म संपल्या. मग अविनाशला शोध लागला की पिकनिकच्या प्लॅस्टिक प्लेटींवरही खाच चांगली पडते. पण प्लेट सपाट हवी आणि फार कडक नको. सदर बाजारात गेलो. दुकानदारानं ढीग पुढे टाकला. हा एकेक प्लेट उचलतोय, डोळ्यासमोर आडवी धरतोय, टिचकी मारून ऐकतोय, आणि खिशातून दाभण काढून हळूच ओरखडतोय!

दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "भाईसाहब, इसमें खाना ही रखना है ना?"

"नहीं, गाना रखना है."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी साडीचा पदर नीट करत रस्त्याकडे बघायला लागले. मग तो अगदी मऊ आवाजात नोकराला म्हणाला, "पहले इनको पानी पिला दे."

*

पुढच्याच महिन्यात माझ्या ऑफिसातल्या मंडळींना जेवायला बोलावलं होतं. मी घाईत कपाटातल्या प्लेटी काढल्या आणि ढोकळा वाढून मोकळी झाले. सगळे मजेत खातायत. काका पण होते. त्यांनी ढोकळा उचलला आणि खाली बघितलं. ढोकळा हातातच!

"काय झालं काका? तिखट आहे का?"

"नाही गं," काका खोल आवाजात म्हणाले, "माझ्या मारव्यावर चटणी आहे."

*

आता सुईचं. शिवणाच्या सुया झाल्या, ग्रामोफोनच्या पिना झाल्या, शिंद्यांनी कॅन्टोन्मेंटमधून बाभळीचा काटासुद्धा आणला. "गावाकडं ह्यानं पायातला काटा काढतात साहेब, गाणं काय, निघंल की!" पण काटा मोडायचा आणि लोखंड बोथट व्हायचं. जुन्या पुस्तकात लिहिलं होतं, नीलमाची सुई वापरा. आम्ही करोलबागेत एका जोहरीकडे गेलो.

"नीलम चाहिए," अविनाश म्हणाला.

जोहरीनं चष्मा काढला. "साहब, नीलम शनी का पत्थर है. सबको सूट नहीं करता. किसके नाम से लेंगे?"

"मशीन के नाम से."

जोहरीनं चष्मा पुन्हा चढवून अविनाशला नीट बघून घेतलं. पण दिल्लीचा व्यापारी तो! "मशीन लोहे की है?"

"हां."

"फिर तो बिल्कुल बेफिक्र हो जाइए! लोहा शनी का ही है. लेकिन पहले ट्रायल कीजिए. रातभर मशीन के पास रखिए. कुछ अच्छा हो तो पक्का करवा लीजिए, बुरा हो तो वापस."

अविनाशनं हसत हसत खडा आणून मशीनवर ठेवला. दुसऱ्या दिवशी नोएडात दिवसभर लाइट गेले नाहीत! भर मे महिन्यात! मिसेस खुराना दार वाजवून विचारायला आल्या, "आपके यहां भी आ रही है? सब ठीक तो है ना?"

नीलम पक्का झाला.

*

रेकॉर्ड कापताना सुईखालून प्लॅस्टिकचा केसासारखा दोरा निघतो. तो सुईत अडकला की सगळं गाणं बरबाद. तो निघेल तसा ओढून घ्यायला हवा. नेमका त्याच सुमाराला एक सेल्समन व्हॅक्यूम क्लीनर घेऊन दारात उभा. तेव्हा घरोघर यायचे ते, टाय लावून.

"सर, सिर्फ डेमो! कोई भी गंदगी दिखाइए!"

अविनाशचे डोळे चमकले. त्यानं त्याला आत घेतलं, मशीनशेजारी बसवलं, नळी हातात दिली आणि सांगितलं, "बस, सुई के पास पकड़े रहिए. हिलना मत."

आणि काकांना खूण केली. काकांनी विलंबित ख्याल सुरू केला!

तो बिचारा नळी धरून बसला. काका काही समेवर येईनात. त्याला घाम फुटला, पण पठ्ठ्या नोकरीला नवा असावा, हलला नाही. शेवटी बोलायचं काम तरी करावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. माइक चालू होता. त्यामुळे आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या दरबारीत, काका गंभीरपणे मंद्र सप्तकात उतरतात आणि मागून स्पष्ट ऐकू येतं, "सर, इससे सोफा भी साफ होता है!"

*

मे महिना सरला आणि नीलमाचा प्रभाव ओसरला. एका रविवारी व्होल्टेज इतकं कमी होतं की ट्यूब नुसती डोळे मिचकावत होती. मशीन हळू फिरत होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी जीव ओतून भूप गायला. मग लाइट पूर्ण आले आणि आम्ही रेकॉर्ड लावली. हळू कापलेली रेकॉर्ड आता नीट वेगानं फिरायला लागली आणि काकांचा भारदस्त आवाज थेट नऊवारीत गेला!

शिंदे तोंडात रुमाल कोंबून गॅलरीत पळाले. अविनाश वायरी तपासायच्या निमित्तानं टेबलाखाली गेला. काका मात्र डोळे मिटून ऐकत होते, मान डोलावत होते. रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"कोण बाई आहेत या?" काका म्हणाले. "तयारी उत्तम आहे. फक्त माझी नक्कल करतात!"

*

मग काका-काकूंचं दिल्ली सोडून पुण्याला जायचं ठरलं, कायमचं. त्याच सुमाराला अविनाशचा एक सहकारी परदेशातून खरी कोरी तबकडी घेऊन आला. ॲल्युमिनियमची, वर काळाभोर, आरशासारखा चकचकीत लेप. एकच. अविनाश म्हणाला, "ही काकांसाठी. आणि हिच्यावर नीलम नाही, हिरा चालवायचा!"

"हिरा कुठून आणणार?" मी विचारलं.

"माझ्याकडे आहे," बापट काकू म्हणाल्या.

आम्ही सगळे वळून बघायला लागलो. काकू रविवारी कधी कधी यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, मटार सोलायच्या. त्यांच्या कुडीतला एक खडा निखळून कधीचा डबीत पडला होता.

"पण एका अटीवर," काकू म्हणाल्या. "हिरा माझा, तर आवाजही माझा."

काकांनी निरोपाची भैरवी तयार केली होती. ते म्हणाले, "अगं, पण तू गातेस कुठे?"

"बोलता येतं मला."

"येतं?" काकांना खरंच आश्चर्य वाटलं.

अविनाशनं ओळखीच्या कारागिराकडून हिऱ्याला टोक करून आणलं. शेवटच्या रविवारी काकू इरकली नेसून वर आल्या आणि माइकसमोर बसल्या. मिसेस खुरानाही आल्या होत्या. काकांना सक्त ताकीद होती की मागे बसायचं. अविनाशनं अगदी श्वास रोखून सुई टेकवली. हिऱ्याखालून काळा, चमकदार दोरा सरसर निघायला लागला. त्यानं मान हलवून खूण केली.

काकूंनी माइककडे बघितलं. तोंड उघडलं.

"हं, बोल," मागून काका म्हणाले.

काकूंनी तोंड मिटलं.

"अगं बोल ना! फिरतंय ते. आधी नाव सांग. सौभाग्यवती सुमन बापट, असं म्हण. तिला माइकची सवय नाही हो. लग्नात उखाणासुद्धा मीच मागून सांगितला होता. सरळ बस. पाणी हवंय का? नको असेल. शिंदे, पाणी नका आणू, तिला नकोय. घाबरू नकोस, सगळी आपलीच माणसं आहेत. दिल्लीबद्दल बोल. मुनिरकाच्या आपल्या पहिल्या खोलीबद्दल बोल, नळाला पाणी यायचं नाही ते. नाहीतर मीच सांगतो, तिला नीट आठवत नाही. बरं, मग पुण्याच्या घराबद्दल बोल. तिनं अजून बघितलं नाहीये, मीच ठरवलं. पण आवडणार तिला. आवडेल ना गं? आवडेल तिला..."

अविनाश हातवारे करून काकांना गप्प करत होता, शिंदे ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होते, पण काका काकूंकडेच बघत होते. काकू मात्र हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. सुई कडेकडून आत आत सरकत गेली. अगदी मधोमध, आता टेकायला जागा नाही अशी पोहोचली, तेव्हा काकू माइककडे किंचित वाकल्या.

"झालं तुमचं?"

आणि तबकडी संपली.

अविनाशनं रेकॉर्ड लावली. काय आवाज उमटला होता! खरखर नाही, घरघर नाही, काकूंची बांगडी एकदा किणकिणली तीसुद्धा ऐकू आली. काकांचं सगळं भाषण त्या खोलीत पुन्हा एकदा झालं आणि शेवटी ते दोन शब्द.

अविनाशला फार वाईट वाटलं. "काकू, जागाच संपली हो. तुमचं बोलायचं राहूनच गेलं."

काकूंनी तबकडी उचलली, आणलेल्या पंच्यात नीट गुंडाळली आणि पिशवीत उभी ठेवली.

"राहिलं कुठे?" त्या म्हणाल्या. "सगळं आलं की त्यात."

"सगळं म्हणजे?" काका म्हणाले. "काय आलं?"