येशिमेबेतच्या हातचा घास

येशिमेबेतच्या हातावरचं कोड जात चाललं होतं आणि नखं सुटत चालली होती. देवाचा हिशेबच निराळा, दुसरं काय!

कोडावर उपाय म्हणून गोंदर शहरातल्या इस्पितळात आधी गोळी घ्यायची, मग दिव्यांच्या पेटीत हात धरायचे. गोळी घेतली की दिवसभर ऊन टाळा, असं नर्सनं बजावलं होतं. पण तिग्स्तचं, येशिमेबेतच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न ठरत आलेलं. लग्नाच्या मिरच्या उन्हात नाही वाळवायच्या तर काय सावलीत कुजवायच्या? ही बया गोळी गिळून अख्खा दिवस अंगणात मिरच्या खालीवर करत बसली. बोटं ठणकली, तर तिला वाटलं तिखटानंच. पुढे नखांखाली रक्त साकळलं आणि नखं टोकाकडून उचलायला लागली.

नर्स म्हणाली, हे उजेडानं झालंय, नवी नखं येतील. येशिमेबेतला पटलं, पण घरी पोचेपर्यंतच. तिच्या मावशीचंही बोटांपासूनच सुरू झालं होतं. महारोग म्हणून तिला गावाबाहेर काढलं आणि पुन्हा कुणी तिच्या हातचं खाल्लं नाही. आता येशिमेबेत कांदा चिरताना बोट बधिर तर झालं नाही ना म्हणून सुरीचं टोक टोचून बघायची. दुखलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

होणारी विहीण, अस्नाकेच, जेवायला यायची होती. इंजेराचा, त्या आंबूस मऊ भाकरीचा, घास आपल्या हातानं एकमेकींना भरवल्याशिवाय सोयरीक पक्की कशी व्हायची? आणि नखं बघून ती बाई उठून गेली तर? पोरीच्या संसाराचं सुरू व्हायच्या आधीच मातेरं.

पंगतीला तिनं हात शालीखालीच ठेवले. शेवटी अस्नाकेचच म्हणाली, "विहीणबाई, मला उपाशी पाठवताय की काय?"

हात काढावाच लागला. तिनं घास केला आणि विहिणीपुढे धरला. अस्नाकेचनं ती काळी, उचललेली नखं पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हे काय झालं?"

"इस्पितळातल्या दिव्यानं... आणि उन्हानं. खरंच सांगते."

अस्नाकेचनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि घास खाल्ला.

येशिमेबेतला रडू फुटायचंच बाकी होतं. तिनं घाईघाईनं दुसरा घास केला आणि शेजारी बसलेल्या लेकीपुढे धरला.

तिग्स्तनं मान वळवली.

"माझं पोट भरलंय, आई," ती म्हणाली. तिनं अजून ताटाला हातही लावला नव्हता.