कोपऱ्यातलं ‘राखीव’

तासगावच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला बाबा थेट भिंतीवरून आले होते. हाताला गेरू, चपलांवर चुना. “मिठी मारू नकोस, ड्रेस खराब होईल,” म्हणाले आणि मग स्वतःच मारली. तो ड्रेस मी इकडे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आणला. डाग काही मी घालवला नाही.

बाबा निवडणुकीच्या भिंती रंगवायचे, सगळ्याच पक्षांच्या. भिंत धरायची रीत ठरलेली: चुना मारायचा, कोपऱ्यात ‘राखीव’ लिहायचं. मग दुसरा पक्ष तिला हात लावत नाही. पुढे फ्लेक्स आले, बाबांचे ब्रश वाळले. “बाबा, इकडे या की,” म्हटलं की एकच उत्तर: “तिथं माझं काय काम?”

माझ्याबरोबर हॉस्पिटलात काम करणारी मायते स्पेनमधली, पण स्पॅनिश म्हटलेलं तिला चालत नाही. ती बास्क, स्पेनच्या उत्तरेकडची, वेगळ्याच भाषेची! तिच्या गावात म्हणे भिंतीच बोलतात: आमची भाषा, आमचा देश, आमचे कैदी घरी आणा. पोलिसांनी पुसलं की लोक पुन्हा रंगवतात. ऐकताना मी खुर्चीतून उठलेच. बाबांनी भिंती पोटासाठी रंगवल्या, हिच्या लोकांनी हट्टासाठी. पण हाताला रंग दोघांच्याही!

मायते चित्रंही काढते, म्हणून कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, तिला रंगवायला स्टेशनजवळची एक भिंत दिली. तिला तिच्या भाषेत लिहायचं होतं, ‘हेमेन गाउदे’, म्हणजे आम्ही इथे आहोत. मला कुठला धीर! त्याच आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, जाऊन मी कोपऱ्यात ठळक ‘राखीव’ लिहून आले. न जाणो, दुसऱ्या कुणी धरली तर?

सकाळी तिला कौन्सिलचा फोन. भिंतीवर कुणीतरी ग्राफिटी केलीय, पुसून टाकतो. मी सगळं सांगितल्यावर मायते पोट धरून हसली. “पुसायला निघाले ना? मग भिंत खरी आहे!” आणि फोनवर गंभीरपणे म्हणाली, “नो वरीज मेट, ते माझ्या डिझाइनमध्येच आहे.”

चित्र पूर्ण झालं त्या दिवशी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. हिरवे डोंगर, लाल अक्षरं आणि कोपऱ्यात माझं ‘राखीव’. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“‘ख’ वाकडा आलाय,” म्हणाले. आणि मग, “अजून एखादी भिंत आहे का गं तिकडं?”

आहे ना! आमच्या गॅरेजची. बाबांचा पासपोर्ट आलाय. इतकी वर्षं घर कुठलं विचारलं की मी तासगाव सांगायचे. आता गॅरेजच्या भिंतीला चुना मारून ठेवलाय, आणि कोपऱ्यात काय लिहिलंय ते तुम्हाला सांगायला नको.