शहागंजातली इमरती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. मुलीपाशी नाही, भावापाशी नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, त्या मंगलला — माझ्या बायकोला — तर नाहीच. तुम्हालाच का सांगतोय, तेही नीट सांगता येत नाही.

मी जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी मधुमेह निघाला. आहार सांगणाऱ्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. पांढरा भात पोटभर खाल्ला की साखर झरकन चढते, तशीच उतरते, आणि मग दुपारी चारला जीव गोडासाठी कासावीस होतो. म्हणून भाताऐवजी ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी. आणि तल्लफ यायच्या आधीच मूठभर फुटाणे, नाहीतर एक पेरू.

मंगलनं ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. तिला चहा गोड लागायचा — तोही तिनं सोडला, घरात साखरच नको म्हणून. पावणेचारला फुटाण्यांची वाटी माझ्या हातात यायची.

आणि मी? चालता चालता खातो म्हणायचो, फुटाणे खिशात घालायचो, कोपऱ्यावर कबुतरांना टाकायचो आणि शहागंजात मिठाईवाल्यापाशी उभ्या उभ्या इमरती खायचो. एक. बहुतेक दोन. पाक मनगटापर्यंत ओघळायचा. परतताना स्वतःचाच राग यायचा — जन्मभर लोकांच्या बांधांची मापं काढली, आणि स्वतःला एक हद्द पाळता येऊ नये? दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

साखर उतरेना. बाईंनी विचारलं, घरी कुठं काही चुकतंय का? मंगल शेजारीच बसली होती. त्याआधी ती चार दिवस माहेरी, पिशोरला जाऊन आली होती. तेच माझ्या तोंडी आलं — ही नसली की भातावर भागवावं लागतं हो, त्यानंच चढते.

किती सहज बोललो!  बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, की यापुढं माहेरी राहायला जाणार नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित हे सांगायला बसलोही नसतो. पण त्याच हिवाळ्यात तिची आई अंगणात पडली. खुबा मोडला, म्हातारी अंथरुणाला खिळली. मंगल सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळी भाकरी टाकायला परत. आई म्हणायची, एक रात्र तरी राहा. ही नाही म्हणायची — माझ्यासाठी.

मी काय करायला हवं होतं? एक वाक्य. तू राहा, माझी साखर तुझ्यामुळं चढत नाही. ते वाक्य रोज ओठांशी यायचं आणि रोज मी चप्पल घालून बाहेर पडायचो.

एकदा तिच्या भावाचा फोन आला, की आता आठवडाभर राहायलाच ये. तिनं पिशवी भरली. त्याच दिवशी माझा रिपोर्ट आला — आधीपेक्षा वाईट. तिनं तो दोनदा वाचला आणि पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवली.

"आईला म्हणलं, पुढल्या आठवड्यात येते," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसून होतो. बघत होतो. 

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं. भावजयीनं सांगितलं, शेवटचे दोन दिवस एकच विचारत होत्या — मंगल आली का. मंगल रडली नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "तुमचं पथ्य तरी मोडलं नाय."

तेव्हाही मी बोललो नाही. तुम्ही बोलला असता?

त्यानंतर शहागंजात पाऊल टाकवेना. मग पहिल्यांदाच फुटाणे खरोखर खाल्ले, भाकरी पोटभर खाल्ली. आठ-दहा दिवस चिडचिड झाली आणि तल्लफ विरली. इतकंच होतं ते. इतकं सोपं! याचाच संताप होतो — अवघड असतं तर निदान हरलो म्हणता आलं असतं.

आता रिपोर्ट बरे येतात. मंगल शेजारणींना सांगते, घरच्या खाण्यानं फरक पडतो, पण बाईनं घर सोडून चालत नाही. म्हणते, मी माहेरी राहायचे तेव्हाच यांची साखर चढायची.

मी तिथंच असतो. मान डोलावतो.