फटफटी कशावर उचलायची?

चार माणसं एका फटफटीभोवती जमली की किस्से आपोआप साठतात. तेलाच्या डागांसारखे, पुसायचे म्हटले तरी निघत नाहीत. आमची फटफटी म्हणजे नरसूअण्णांची. अण्णा बेळगावच्या कोर्टात वकील. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून अण्णांनी ती घेतली आणि म्हैस विकून मोकळ्या झालेल्या गोठ्यात आणून उभी केली. ती बिघडली की नट आपणच खोलायचे, हा अण्णांचा हट्ट. अडचण एकच. मागचं चाक काढायचं तर गाडी वर उचलून धरायला हवी, आणि ती कशाने उचलायची यावर आमच्या रविवारच्या कंपनीत जेवढा वाद झाला तेवढा अण्णांनी कोर्टात कधी घातला नसेल!

कंपनी म्हणजे अण्णा, शहापूरचा विणकर तुकाप्पा आणि मी, शाळामास्तर. चहा द्यायला अण्णांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आक्का. आम्ही चहा प्यायचो त्या सोप्यात सागवानी तुळईला पाळण्याची जाड पितळी कडी होती. आक्कांच्या लग्नाच्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने बसवलेली. वर्षांमागून वर्षं गेली, तिला पाळणा काही लागला नव्हता. आक्का दर सणाला ती चिंचेने घासून लखलखीत ठेवायच्या. त्याबद्दल आम्ही कुणी बोलत नसू.

*

पहिला उपाय म्हणजे तालमीतले दोन पैलवान. "मागचं चाक जमिनीपासून सुटायला पाहिजे," एवढं त्यांना सांगून अण्णा पाना आणायला आत गेले.

बाहेर येऊन बघतात तर फटफटी उताणी! दोन्ही चाकं आढ्याकडे, पेट्रोल वाहतंय आणि थोरला पैलवान दंड थोपटून उभा.

"अरे, हे काय केलंत?"

"पाठ लावली की वकीलसायेब! आता उठतीय व्हय ती?"

*

माझा मेहुणा गुंजी स्टेशनावर रेल्वेत होता. त्याने भंगारातला एक जॅक मिळवून दिला. डबा उचलायचा जॅक, त्यापुढे फटफटी म्हणजे काय! तो बैलगाडीतून उतरवताना आमच्या कमरा गेल्या, पण अण्णा खूश होते. जॅक सरकवत सरकवत गोठ्यात नेला आणि फटफटीपाशी टेकवला. पाहतो तर जॅकच फटफटीच्या पोटापेक्षा वीतभर उंच.

तुकाप्पाने दोन्हीकडून वाकून पाहिलं. "अण्णा, सोपं हाय. आधी फटफटी उचला, मग जॅक लावा!"

तो जॅक पुढे गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून राहिला.

*

मग तुकाप्पाने आपली अक्कल चालवली. "गाडी वर कशाला उचलताय? मानूस खाली घाला की! आमी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जलम काढतो, तुमास्नी एक रविवार जड जातोय व्हय?"

त्याने मागाच्या मापाचाच खड्डा खणला. वर दोन फळ्या, फळ्यांवर फटफटी, खड्ड्यात अण्णा. खरं सांगतो, पहिल्या रविवारी फार छान काम झालं. दुसऱ्या रविवारी अण्णा चहाला बाहेर आले तेवढ्यात फळी सरकली आणि फटफटी सरळ मागावर बसायला गेली.

तुकाप्पा काठावर उभा राहून म्हणाला, "आता मात्र उचलायचंच आलं."

पुन्हा पैलवान बोलावले. या खेपेला अण्णा जागचे हलले नाहीत.

*

त्यानंतर विहिरीवरची कप्पी आणली. गोठ्याच्या वाशाला बांधली, दोर ओवला आणि तिघांनी जोर लावला. फटफटी होती तिथेच राहिली, छप्पर मात्र खाली आलं!

सोप्यात बसून डोक्यातली माती झाडताना तुकाप्पा बोलून गेला, "घरात दमाची तुळई एकच हाय, ती..." त्याने वर पाहिलं आणि जीभ चावली.

"दुसरं काहीतरी बोल," अण्णा म्हणाले.

मग अण्णांनी विटांची चळत रचली. ती ढासळून फटफटी त्यांच्या पायावर आली आणि अण्णा लंगडत कोर्टात जाऊ लागले. एका रविवारी चहाचे कप खाली ठेवून आक्का मला म्हणाल्या, "मास्तर, ती कप्पी आणा. बांधा कडीला."

"आक्का, अहो..."

"नुसती घासून किती दिवस ठेवायची? त्या कडीला काहीतरी टांगलेलं बघू दे की एकदा."

तुकाप्पा कपाकडे बघत बसला. अण्णा उठले आणि कप्पी त्यांनी स्वतःच बांधली.

*

आणि सांगायला हरकत नाही, एवढ्या खटाटोपात तोच उपाय सरस ठरला! फळीवरून फटफटी सोप्यात घ्यायची, मागून दोर अडकवायचा, एकट्याने ओढलं तरी चाक अलगद सुटायचं. आक्काही सरावल्या. जाता-येता टांगलेल्या चाकाला हलका झोका देऊन विचारायच्या, "काय हो, निजली का तुमची लेक?"

अण्णा कोर्टात कुणाला हार जात नसत. इथे मात्र कानापर्यंत लाल होऊन नट पिळत बसत.

असे दोनेक पावसाळे गेले.

*

एका रविवारी मी आणि तुकाप्पा गेलो तर फटफटी अंगणात. एक चाक काढलेलं, गुंजीच्या जॅकला रेलून कशीबशी उभी. कप्पी पायरीवर पडलेली.

"आता हे काय नवीन?" म्हणत आम्ही सोप्यात शिरलो. आक्का स्टुलावर उभ्या होत्या. एका हातात चिंचेची वाटी, दुसऱ्या हाताने कडीवरचं वंगण घासणं चाललेलं.

तेवढ्यात आतून अण्णा धावत आले. "अगं, खाली उतर! आधी खाली उतर! मी घासतो!"

त्यांनी आक्कांना दोन्ही हातांनी धरून हळूच उतरवलं, उशी ठेवून बसवलं आणि तो दुखरा पाय घेऊन स्वतः स्टुलावर चढले. तुकाप्पाने माझ्याकडे पाहिलं आणि उपरण्याने डोळे पुसले.

"डावीकडं अजून काळं दिसतंय हो," खालून आक्का सांगत होत्या.