टपावरचे दोरे

त्या लॉरीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. गावं पेटायला लागली तेव्हा आम्हा बायांना त्यानं लॉरीत लपवून वाशीमकडं काढलं. मागचा ताडपत्रीचा उतरता टप त्यानंच बांबू वाकवून केलेला. वर जागोजाग सुती दोरे बांधलेले. मान बाहेर काढून तो सारखा तेच बघायचा.

"दोरे टपाला चिकटून राहिले का वारा सरळ सरकतो, फडफडले का अडून घुमतो समजायचं. मंग गाडी पेट्रोल लई खाती," तो म्हणायचा.

कनेरगाव नाक्यावर गावं जाळणाऱ्या बंदूकवाल्यांनी अडवलं. मी लेकराच्या तोंडावर हात दाबला. एकानं ताडपत्री उचलायला हात घातला, तर दोरा हाताला लागला.

"हे काहून बांधले?"

"मन्नतीचे हायेत, साहेब."

ताडपत्रीच्या फटीतून दिसलं, त्यानं हात झटक्यात मागं घेतला, कपाळाला लावला. "जा."

वाशीमला उतरल्यावर मी पदराचा धागा ओढून टपाला बांधला.

"फडफडला तरी ह्यो ऱ्हाऊ देतो," तो म्हणाला.