शेवंताकाकूंच्या घरातली विलायत

हल्ली परदेशात लग्न असलं की पाहुण्यांना आधी सूचना येतात, काय घालायचं, कुठं उतरायचं. आमच्या दिलीपच्या लग्नाला थॉमसराव इंग्लंडहून खर्ड्याला आले, ते साल सत्तर उलटून गेल्यानंतरचं. तेव्हा सूचना द्यायला मी एकटीच. दिलीप माझा धाकटा भाऊ, मी नगरला इंग्रजी शिकवणारी बाई. नवरी एल्सी आधीच खर्ड्यात येऊन राहिलेली. तिच्या बापानं, म्हणजे थॉमसरावांनी, कळवलं होतं, लग्नाला येतो, पण माझा होकार धरू नका. पोरगी रोज डोळे पुसायची. मग काय, निघाले त्यांना आणायला.

तर पहिली सूचना. नगरच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरा, मगच चढा. थॉमसराव रांग शोधत राहिले आणि एस.टी. गेली की निघून. दुसरीला मी त्यांची हॅटच आत फेकली. जामखेडला गाडी बदलावी लागते, तिथं भजी गरम मिळतात. मिरचीचं भजं खाऊन त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ती संधी साधून मी विचारलं, एल्सीला काय सांगू? म्हणाले, अजून काही नाही.

खर्ड्यात पोचलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तिनं तो हिसकावलाच.

"लेकीच्या सासरी बाप पानी पीत न्हाई. नातवंड झाल्याबिगर न्हाईच."

अगं, लग्न तरी लागू दे, मी म्हटलं. तात्या, आमचे चुलते, म्हणाले ठरलं तिथंच सासर झालं. मे महिना, माणसाचे ओठ सुकलेले, आणि इथं शास्त्र चाललेलं. माझं डोकंच फिरलं. थॉमसरावांनी विचारलं, माझं काही चुकलं का? मुलीचे बाप आहात, एवढंच चुकलंय, असं सांगून मी आईची नातवंडाची अट समजावली, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

तोडगा तात्यांनीच काढला. समोरच्या शेवंताकाकूंचं घर म्हणजे आजपासून विलायत. काकूंनी पडवी सारवली, एल्सीला माहेरी नेलं, थॉमसरावांना पोटभर पाणी आणि पिठलं-भाकरी दिली. एकमेकांची भाषा येत नसताना दोघांनी मिळून आंबेही उतरवले.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड विलायतेला निघालं. गल्ली ओलांडली की विलायत. पण एवढ्या जवळ वऱ्हाड जातं होय? म्हणून बैलगाड्या जुंपून, किल्ल्याला वळसा घालून, आम्ही घामाघूम होऊन समोरच्या दारात पोचलो. फेटा बांधलेल्या थॉमसरावांनी स्वागत केलं. तात्या मानपानावरून रुसले. ही विलायत त्यांनीच वसवलेली, तरी रुसले. उपरणं मिळाल्यावर उठले.

अक्षता पडल्या. पाठवणीला एल्सी काकूंचा उंबरा ओलांडून आमच्याकडं आली. इतका वेळ हसणारे थॉमसराव दारातच थांबले. गल्ली रिकामी होती, त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पण ते आले नाहीत, रडत उभे राहिले. मलाही रडू आवरेना.

सकाळी मी त्यांना गाडीवर सोडायला गेले. गाडी उशिरा, ऊन चढलेलं. आईलाच राहवेना, ती मागून तांब्या घेऊन आली. म्हणाली, "घ्या वो, कोन बघतंय."

थॉमसरावांनी हात जोडले, मान हलवली. "नातवंड," एवढंच म्हणाले, आणि गाडीत चढले.

घरी आले तर एल्सी दारात वाट बघत बसलेली. बाबा काही म्हणाले का, तिनं विचारलं.

"तहानलेले गेले गं," मी म्हटलं. "आणखी काय म्हणायचं राहिलं?"